नावाड्याचा हात

माझ्या पुस्तकांत एकही देव नाही, हे मी जिथे तिथे छाती फुगवून सांगायचो. मुलांसाठी मी चार पुस्तकं लिहिली, चारही अद्भुताची. उडणारी तळी, बोलणारे दगड, काय वाट्टेल ते. पण देऊळ नाही, आरती नाही, दाढीवाला साधू नाही. शाळेत बोलावलं की मी शिक्षकांना मुद्दाम सांगायचो, बघा, कुठल्याही घरातल्या पोरानं वाचावं असं लिहिलंय. शिक्षक माना डोलवायचे आणि मी स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

लिहिणं हे माझं पोटाचं काम नव्हतं. मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर होतो. मोठ्या गाडीकंपन्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही दाबून काढायचो. राहायला काळेवाडीत. सकाळची बस पकडायची, खिडकीची सीट धरायची आणि चाकण येईपर्यंत वहीत लिहायचं, असं माझं बारा-तेरा वर्षं चाललं. शेजारी बसणारे चिडवायचे, "काय राव, राजकन्या आज कुठवर आली? तळवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकली का?" मी पण चिडायचो. मला चिडायला फार लागत नाही, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचं मूळ लातूरकडचं. आईवडील कामाच्या शोधात इकडे आले तेव्हा मी कडेवर होतो. आईनं गाव सोडलं, पण एक समजूत काही सोडली नाही. जगात कुणाचंही वाईट झालं की तिच्याकडे त्याचं कारण तयार असायचं. गल्लीतल्या एका पोराचा पाय पोलिओनं गेला होता. आई म्हणायची, "मागल्या जन्मी गाईला लाथ मारली असंल, दुसरं काय." शेजारणीला मूल होईना, तर तिनं मागल्या जन्मी कुणाचं तरी लेकरू आईपासून तोडलं असणार. हे ती दुष्टपणानं बोलायची असं नाही. उलट त्याच पोराला ती रोज हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडून यायची. पण कारण मात्र ठाम. मी शिकलो, डिप्लोमा केला, तिच्याशी वाद घातले, तिला हसलो. मला वाटायचं, हे खूळ माझ्या अंगातून कधीच गेलं.

प्रेसचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वरून टनावारी जोरानं एक ठोकळा खाली येतो आणि खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, पत्रा दाबून परत वर जातो. मधे हात सापडला की संपलं. म्हणून मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे त्या वेळी दोन्ही हात मशीनच्या बाहेर. साधी अक्कल आहे. पण आमच्याकडच्या जुन्या प्रेसवर या अकलेला एक उतारा होता. लाकडाची बोटभर पाचर घ्यायची आणि उजव्या बटणाच्या फटीत ठोकायची. ते बटण दाबलेलंच राहतं. मग डाव्या हातानं दुसरं बटण दाबत जायचं आणि उजवा हात पीस ठेवायला-उचलायला मोकळा. काम भराभर होतं. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासायला येणार असले की आदल्या दिवशी सगळ्या पाचरी निघायच्या आणि एका डब्यात जायच्या. पाहुणे गेले की डबा परत बाहेर. हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच, डबा माझ्याच टेबलाखाली असायचा.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. प्रेस पुसून लख्ख करायच्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. पूजेचा मान सुपरवायझरचा. त्या वर्षी मी एकेका प्रेसला, एकेका बटणाला बोटानं कुंकू लावत निघालो होतो. तीन नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर देहूरोडचा, बौद्ध घरातला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, त्याला कामाला मीच लावलेला. तो पूजेत हात जोडायचा नाही. कुणाला दुखवायचाही नाही. बाजूला शांत उभा राहायचा, नारळ फोडायला दगड शोधून आणायचा आणि पेढा खाऊन कामाला लागायचा. त्याच्या प्रेसच्या उजव्या बटणात पाचर होती. मी त्या पाचरीवरही कुंकू टेकवलं. ती काढावी हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली की माल मागे पडलेला असतो. सुट्टीनंतर दोन-तीन दिवसांनी पहिल्या शिफ्टला बघतो तर त्यानं पाचर काढून ठेवलेली. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, आज राहू द्या. डाय नवीन हाय, पीस अडकतोय. हळू का होईना, दोन्ही हातांनी करतो." मला वरून फोनवर फोन येत होते. मी म्हणालो, "तू काय आज लागलास का कामाला? दुपारी माल न्यायला गाडी उभी राहील दारात, तिला काय सांगू?" आणि हातोडी घेऊन पाचर मी स्वतः ठोकली. त्यानं पुढचा पीस उचलला. पाऊण तासानं ओरडणं ऐकू आलं.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

आता जे लिहितोय ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेत होतो. त्याचा हात टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर धरला होता, माझी पँट भिजली होती. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यानं मशीनला हात जोडले नव्हते. दुसरा आला, बिचाऱ्याचं मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. हुबेहूब आईचा आवाज. पाचरीची आठवण त्याच्याही मागून आली.

संध्याकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये अपघाताचा अहवाल लिहिला. माझी भाषा चांगली म्हणून मलाच लिहायला बसवलं. 'सदर कामगाराने स्वतःहून सुरक्षा बटणात पाचर बसवल्याचे आढळून आले.' एवढंच वाक्य, खाली माझी सही. मग दवाखान्यात जाऊन त्याला सांगितलं, तूही असंच म्हण, नोकरीचं मी बघतो. तो गोळ्यांच्या गुंगीत होता, त्यानं मान हलवली. पुढे त्याला स्टोअरमध्ये घेतलं. कामगारांना हातमोजे द्यायचे, पुसायच्या चिंध्या द्यायच्या, ऑइलचे डबे द्यायचे. डाव्या हातानं सही करायला शिकला. मी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचो, "बघ, शब्द पाळला की नाही?" तो म्हणायचा, "व्हय साहेब." मला वाटायचं, आपण किती भले आहोत.

त्याच हिवाळ्यात मला चौथं पुस्तक सुचलं. बसमध्ये बसलो की पानंच्या पानं यायची. नदीकाठचं एक गाव. तिथे भर दुपारी बाराला माणसाची सावली त्याची राहत नाही. मागच्या जन्मी तो जो कुणी होता, त्याची सावली पडते. कुणाची हरणाची, कुणाची राणीची. गावातल्या नावाड्याला उजवा हात नाही. पण बाराच्या उन्हात त्याच्या सावलीला दोन्ही हात असतात, आणि उजव्या हातात पाखरांचे पंख छाटणारा विळा असतो. नावाड्याची नात हे बघते. मग ती अकरा दिवस आपलं जेवण गुपचूप पाखरांना घालते. कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की व्रत मोडलं. बाराव्या दिवशी सकाळी नावाड्याच्या खांद्यातून, झाडाला कोंब फुटावा तसा, हात फुटतो.

पुस्तक छान झालं होतं. हे फुशारकीनं नाही, तक्रार म्हणून सांगतोय. वाईट झालं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं.

लोक विचारायचे, हा नावाडी तुम्हाला सुचला कसा? मी म्हणायचो, "सुचतं हो, कसं ते सांगता येत नाही." आणि ते खरं होतं, हीच तर शरमेची गोष्ट आहे. चार बोटं गेलेला माणूस मला रोज हातमोजे काढून देत होता आणि तरी नावाडी मला आपोआप सुचला असं मी समजत होतो. पुस्तकात देव नव्हता, मान्य. पण त्या गावाचे सगळे कायदे माझ्या आईच्या देवाचेच होते. ज्याचा हात गेला त्यानं काहीतरी केलेलं असणारच, हा तिथला पहिला कायदा. हातोडी घेऊन उभा असलेला माणूस त्या गावात कुठेच नव्हता. मी त्याला वस्तीलाच ठेवलं नव्हतं.

लेखकाच्या म्हणून दहा प्रती घरी आल्या. त्यातली एक मी स्टोअरच्या खिडकीतून त्याला दिली. "पोरीला दे. चौथीत आहे ना?" पहिल्या पानावर 'गोड मुलीस, काकांकडून' असं लिहूनही दिलं. त्यानं पुस्तक डाव्या हातात घेतलं, उजव्या तळव्यानं छातीशी दाबून धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, "साहेबांनी लिहिलंय, सवता." त्याला कोण आनंद झाला होता.

महिना-दीड महिना गेला असेल. एका रविवारी दुपारी दार वाजलं. त्याची बायको. ती घरी शिवणकाम करते, एक-दोनदा दवाखान्यात भेट झालेली. मी बसा म्हटलं तर बसली नाही. पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"भाऊ, हे तुमचं परत घ्या."

"का हो वहिनी, आवडलं नाही का पोरीला?"

"आवडलं. फार आवडलं. म्हणूनच आले."

शुक्रवारी शाळेत परिपाठाला उभी असताना पोर चक्कर येऊन पडली होती. बाईंनी चौकशी केली तेव्हा मैत्रिणींनी सांगितलं, ही डबा खातच नाही, शाळेच्या मागे नेऊन चिमण्या-कावळ्यांना घालते. घरी म्हणायची, शाळेत पोट भरलं. रात्री दोन घास चिवडून उठायची. का, ते काही केल्या सांगेना. मग तिच्या आईला गेल्या रविवारची गोष्ट आठवली. भर दुपारी पोरीनं बापाला गच्चीवर बोलावलं होतं. "पप्पा, हात असा पुढे करा." त्याला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. तो हसत हात पुढे करून उन्हात उभा राहिला आणि ती वाकून त्याच्या सावलीत बोटं शोधत होती. तेव्हा आईनं पुस्तक उघडून वाचलं.

"तिला वाटतंय, तिच्या बापानं मागच्या जन्मी पाखरं कापली," ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. चूक अंगाशी आली की मला आधी राग येतो. मी म्हणालो, "अहो, गोष्ट आहे ती. गोष्ट म्हणून वाचायची. आणि मागच्या जन्माच्या गोष्टी तुमच्याकडे नाहीत का? बुद्ध कधी हत्ती होता, कधी हरीण होता, ते सांगता ना पोरांना?"

"सांगते की. हत्ती किती दयाळू होता ते सांगते. कुणाचा हात कशानं तुटला ते त्यातून सांगत नाही." मग तिचा आवाज जरा चढला. "भाऊ, आमच्या आजे-पणज्यांना गावात काय सांगायचे माहितीये? मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या घरात जन्माला आलात, गपगुमान सोसा. ते ऐकून ऐकून आमच्या माणसांनी तो मागचा जन्मच टाकून दिला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उचलून बाहेर ठेवला. दोन पिढ्या आम्ही तो शब्द घरात येऊ दिला नाही. अन् तुमच्या पुस्तकातून तो परत आला, रंगीत चित्रांसकट. आणला कुणी, तर तिच्या बापानंच, कौतुकानं."

मी टेबलावरचं पुस्तक उचलून उलटं ठेवलं. ती म्हणाली, "आम्ही सांगितलं तर ऐकत नाही. म्हणते, तुम्ही ओळखलंत, मी सांगितलं नाही, म्हणजे व्रत मोडलं नाही; आणि ज्यांनी लिहिलंय त्यांना जास्त माहीत. आज तिचा आठवा दिवस आहे. अजून तीन दिवस झाले आणि बोटं आली नाहीत, तर तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं. मग पहिल्यापासून धरेल. तेवढी ताकद नाहीये तिच्यात. तुम्ही या आणि तुमच्या तोंडानं सांगा."

उद्या संध्याकाळी येतो म्हणालो. ती गेल्यावर बायकोनं आतून विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, वाचक.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं लक्ष नव्हतं. डोकं मात्र लेखकाचं, ते पळवाटा काढत होतं. सांगावं की व्रत आजोबांसाठीच चालतं, वडिलांसाठी नाही. सांगावं की नवव्या दिवशीच पुरं होतं, छापताना चूक झाली. एकाहून एक सुंदर थापा. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या खिडकीशी गेलो. तो एकटाच होता. हळूच म्हणाला, "साहेब, पोरीला एवढंच सांगा की गोष्ट खोटी हाय. बाकीचं काही बोलू नका. तिच्या आईला म्हाईत न्हाई."

"काय माहीत नाही?"

"पाचरीचं. तिला वाटतं मीच ठोकली व्हती."

"तू तिला पण सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? रोज तुमच्याच हाताखाली यायचंय. तिनं मला येऊच दिलं नसतं." एवढं बोलून तो खिडकीत आलेल्या दुसऱ्या कामगाराला मोजे काढून द्यायला वळला. दोन वर्षं या माणसानं माझं पाप स्वतःच्या घरात स्वतःच्या नावावर चालवलं होतं, आणि मी त्याच्या खांद्यावर थापा मारत होतो.

संध्याकाळी देहूरोडला गेलो. दोन खोल्या, दाराशी शिलाई मशीन, भिंतीला लावलेल्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. पोर चटईवर बसली होती, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, ओठ सुकलेले. समोर ताटात वरणभात, हात न लावलेला. बाप तिच्याशेजारी, आई दाराशी उभी. मला बघून पोरीचा चेहरा उजळला. अशा चेहऱ्यासाठीच मी इतकी वर्षं लिहीत होतो, आणि तो चेहरा मला त्या क्षणी बघवेना.

"काका, तुम्ही त्या गावाला गेला होता?"

"नाही बाळा. असं गाव कुठेच नाही. मी बनवलंय ते."

"आणि सावल्या?"

"त्या पण मीच बनवल्या. व्रत पण. उपाशी राहून कुणाचं बोट येत नाही."

ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. विचार करत होती. मग म्हणाली, "मग पप्पांचा हात कसा गेला?"

"मशीनमध्ये."

"ते माहितीये. पण पप्पांचाच का? बाकीच्यांचा का नाही?"

हा प्रश्न काही माझ्या पुस्तकानं तिला दिला नव्हता, तो तिचा स्वतःचा होता. माझ्या आईचाही तोच होता. पोलिओच्या पोराकडे बघून तिला हाच प्रश्न पडायचा, आणि तो सहन व्हायचा नाही म्हणून ती कारण शोधून काढायची. मीही तेच केलं, फक्त चित्रं घालून. बाप मधेच घाईनं बोलला, "माझीच चूक व्हती गं. मी बटणात पाचर ठोकली व्हती, म्हणून."

पोरीनं त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही चुकीचं काम केलं म्हणूनच ना? पुस्तकात पण तेच आहे." आणि तिनं समोरचं ताट हळूच लांब सरकवलं. "माझे दोन दिवस राहिलेत, काका. मी करते पुरे."

पुस्तक खोटं म्हणून सांगितलं होतं, तरी ते खरंच ठरलं होतं. माझा अहवाल आणि माझं पुस्तक, दोन्हींत गुन्हेगार एकच होता. या जन्मी नाहीतर मागच्या जन्मी, हिच्या बापाचाच दोष. दोन्हीकडे सही माझी. बाप माझ्याकडे बघून बारीक मान हलवत होता, नको, नको म्हणून.

मी म्हणालो, "पाचर तुझ्या पप्पांनी ठोकली नाही. मी ठोकली."

मग थांबता आलं नाही. त्यानं पाचर काढून ठेवली होती ते सांगितलं. दोन्ही हातांनी करतो म्हणाला होता ते सांगितलं. हातोडी, गाडी, फोन, अहवाल, दवाखान्यात त्याला काय पढवलं, सगळं सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीला समजेल अशा भाषेत सांगत होतो. ते एक काम मला येतं.

त्याची बायको माझ्याकडे वळली नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?" तो चटईकडे बघत राहिला. "दोन वर्षं मी तुम्हाला बोलले. हलगर्जी म्हणाले. पोरीदेखत म्हणाले." त्यानं तरी मान वर केली नाही. मग तिनं पोरीच्या दप्तरातून वही काढली, मधलं पान टरकावलं आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवलं.

"तुम्हाला लिहिता येतं ना, भाऊ? मग हे पण लिहा."

'पाचर मी ठोकली. त्याने नको म्हटले होते. अहवालात मी खोटे लिहिले.' तीन वाक्यं. त्या तीन वाक्यांना जितका वेळ लागला तितका मला कधी अख्ख्या पानाला लागला नसेल. खाली पूर्ण नाव, सही. तो कागद पुढे कुठल्या कचेरीत गेला आणि माझी खुर्ची कशी गेली ते वेगळं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पोरीनं कागद ओढून घेतला. शब्दाखाली बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर माझ्या हातांकडे बघितलं. ते मी चटईवर टेकवले होते.

"मग काका, तुमचा हात का नाही गेला?"

आई असती तर तिनं पट्कन सांगितलं असतं, पुढच्या जन्मी जाईल. शपथेवर सांगतो, ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते म्हणालो असतो तर पोरीचं समाधान झालं असतं, आणि माझंही. मी ते गिळलं.

"मी मशीनसमोर नव्हतो म्हणून," मी म्हणालो. "मी लांब टेबलापाशी उभा होतो. मशीनसमोर तुझे पप्पा होते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बापाचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघितला. सावली नाही, हात. मग दुसऱ्या हातानं ताट जवळ ओढलं आणि गार झालेला वरणभात खायला लागली.